सिव्हिल, घाटी, पुणे

जालन्यात व्यसन म्हटलं की दारू. दारूच्या दुकानावर बायकांचा मोर्चा जातो, सप्त्यातले कीर्तनकार दारूवर बोलतात, पिणारा एखाद्या एकादशीला माळ घालतो आणि गाव त्याचं कौतुक करतं. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगर नावाच्या हेरॉइनचं, असं काही नाही. गर्द ओढणाऱ्याचं घर गप्प बसतं. पोरगा पुण्याला किंवा मुंबईला कामाला होता, तिथून आजारी होऊन आला, एवढंच शेजारीपाजारी सांगतात. घरचे काविळीचं नाव पुढे करतात. त्यामुळे यावर उपचार कुठे मिळतो, हे चारचौघांत कुणी विचारत नाही. रात्री जेवणं झाल्यावर फोन येतो आणि सुरुवात ठरलेली असते: "माझ्या एका मित्राच्या मुलाचं आहे..."

*

मोंढ्यातले एक ओळखीचे. आडतीचा जुना धंदा, माणूस सरळ. म्हणाले, "सहा महिने ठेवून घेतील असं ठिकाण सांगा. पैशाचं बघू आपण. फक्त इथून लांब पाहिजे."

पोराला काय त्रास होतो, किती दिवसांपासून घेतो, आणखी काय घेतो, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. सहा महिन्यांनंतर काय, याचाही विचार नव्हता. बाप वाईट नाही, थकलेला आहे. पण उपचार म्हणजे पोराला नजरेआड ठेवण्याची सोय, हा समज जालन्यात इतका पक्का आहे की त्यावर धंदे उभे राहतात.

*

टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, कशी दिसते ते घरच्यांना आधी सांगायला हवं. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे वाहतात. मग अंगावर काटा, जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखी दुखणं, रात्रभर पाय झाडणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. आठवडा-दहा दिवसांत शरीर बरंचसं शांत होतं. झोप मात्र लवकर येत नाही, आणि तलफ तर महिनोन् महिने राहते.

पाहणाऱ्याला वाटतं, हा आता जातो. पण निव्वळ गर्दच्या टर्कीत धडधाकट माणूस सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, हे सांभाळावं लागतं. उलट वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. आपल्याकडे दारूड्याला खोलीत कोंडतात आणि गर्दुल्ल्याला बघून रडतात. दोन्ही चूक.

*

मराठवाड्यात आणखी एक भानगड आहे: बटन. म्हणजे झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय पट्टीच्या पट्टी घेतलेल्या. सोबतीला कोडीनचं खोकल्याचं औषध. गर्द मिळाली नाही की बटनावर भागवायचं, मिळाली की दोन्ही. हे दोन्ही एकत्र श्वास मंद करतात, आणि गर्दने जाणारे बरेच जण अशा मिसळीनेच जातात. बटन एकदम बंद केलं तरीही फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांपुढे फक्त गर्दचं नाव घेऊन चालत नाही, बटनाचंही सांगावं लागतं. पोरं नेमकं तेच लपवतात, कारण त्यांच्या लेखी ती नशा नसून 'गोळी' असते.

(हेरॉइन 1898 साली बायर कंपनीने बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणूनच. म्हणजे हा धंदा जुना आहे.)

*

खरा धोका सुटून घरी आल्यावर असतो. महिनाभर बंद राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते, पण डोक्यात प्रमाण जुनंच असतं. पूर्वी पचायची तेवढी पुडी आता श्वास बंद करते. तुरुंगातून सुटलेल्यांत आणि व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांत पहिल्या काही आठवड्यांत मृत्यू जास्त होतात, हे जगभर दिसलेलं आहे. घरच्यांना वाटतं पोरगा धुतल्या तांदळासारखा होऊन आला, हातात पैसे देतात, लग्नाचं बघायला लागतात. केंद्रातून निघताना हा एक मुद्दा कागदावर लिहून बापाच्या हातात दिला पाहिजे.

आणि हेही लिहावं: ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घोरल्यासारखा आणि अडकत येणारा श्वास, हाका मारून जाग नाही, असं दिसलं तर 108. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. कांदा हुंगवत, मीठपाणी पाजत बसू नका. यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन आहे, ते मिनिटांत श्वास परत आणतं. दवाखान्यात नेलंत तर गर्द घेतली हे तिथे खरं सांगा.

*

राजूरच्या गणपतीला नवस, मग सैलानीचा दर्गा, मग कुणीतरी सांगितलेला जडीबुटीवाला, मग डॉक्टर. क्रम साधारण असा. राजूरला जाण्याला माझी हरकत नाही, आईला तेवढाच धीर येतो. वाया जाणाऱ्या वर्षांना हरकत आहे. जडीबुटीवाल्याला तर पक्की. 'पेशंटला न सांगता व्यसन सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. त्या पुडीत काय असतं देव जाणे, पण समजा गर्दचा परिणाम अडवणारी नाल्ट्रेक्सोनसारखी खरी गोळीच कुणी भाजीत कालवून दिली, तर रोज गर्द घेणाऱ्याला अर्ध्या तासात अशी टर्की येईल की घरच्यांना वाटेल विष घातलं.

*

1986. मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर येऊन काही वर्षं झाली होती. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा माल, स्वस्त, चंदेरी पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. कॉलेजातली पोरं त्यात गेली. अनिल अवचटांनी त्यावर 'गर्द' लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

आज तिथे दारूचे पेशंट जास्त, पण जन्म गर्दमुळे झाला. मुक्कामी उपचार पस्तीस दिवसांचे. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. व्यसनातून बाहेर आलेलेच पुढे तिथे काम करतात, त्यामुळे पेशंटला थाप मारायची सोय राहत नाही. दुसरी, बायकांचा 'सहचरी' गट. नवऱ्याच्या व्यसनात बायको काय काय झाकते आणि का झाकते, यावर तिथे बायका आपापसांत बोलतात. अनिताताई 1997 मध्ये कॅन्सरने गेल्या, अवचट 2022 च्या जानेवारीत. काम मुलगी मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात.

जालन्याहून पुणं तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पस्तीस दिवसांनी परत यायचं ते त्याच गल्लीत, त्याच पोरांत.

*

आता उपचाराच्या गोळीबद्दल. ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची. गर्द मेंदूत जिथे चिकटते तिथेच ही चिकटते, पण अर्धवट काम करते. टर्की थांबते, तलफ उतरते, झिंग जवळजवळ येत नाही, आणि वरून गर्द घेतली तरी तिचा जोर लागत नाही. टर्की सुरू झाल्यावरच पहिला डोस द्यायचा. घाई केली तर तीच गोळी टर्की आणते. साध्या मेडिकलवर ती मिळत नाही. हे बरंच आहे, पण त्यामुळे ती कुठे मिळते हेही लोकांना कळत नाही.

सुई टोचणाऱ्यांसाठी एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमात चालणारी केंद्रं मुंबईसारख्या शहरांत आहेत. तिथलं काम बघण्यासारखं असतं. माणूस येतो, रजिस्टरमध्ये नोंद होते. सिस्टर गोळ्या कुटून त्यांची पूड जिभेखाली टाकते. मग बाकावर काही मिनिटं तोंड मिटून बसायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. शेवटी आ करून जीभ वर उचलून दाखवायची. पूड विरघळली हे बघितलं की सिस्टर मान हलवते आणि माणूस कामावर जातो. कुणी हमाल, कुणी रिक्षावाला. उद्या पुन्हा. असं वर्ष, दोन वर्षं, लागलं तर जास्त.

यावर आपल्याकडची ठरलेली प्रतिक्रिया: "म्हणजे एक नशा सोडून दुसरी." डॉक्टर मंडळींतही हे ऐकलं आहे. फ्रान्सने 1995 नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहून द्यायची मुभा दिली, आणि 1999 पर्यंत तिथले गर्दच्या अतिमात्रेचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. पंजाबात सरकारी दवाखान्यांतून ही गोळी दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. एवढ्यावरही कुणाला ती नशाच वाटत असेल तर वाटो. पोरगा जिवंत राहतो आणि कामाला जातो, मला तेवढं पुरे.

*

2019 मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. अफू आणि तिच्या जातीचे पदार्थ घेणारे देशात सुमारे 2 कोटी 26 लाख. त्यांत अफू-डोड्यापेक्षा हेरॉइनवाले जास्त. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर वीस जणांत एखाद्यालाच काही तरी उपचार मिळतात. उरलेल्या एकोणिसांतले किती जण मराठवाड्यातल्या घरांत 'काविळीने' आजारी आहेत?

*

केंद्र निवडताना. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा. व्यसनाचे आजार त्यात येतात, म्हणून असं केंद्र चालवायला त्या कायद्याखाली नोंदणी लागते. साखळीने बांधायला बंदी. जबरदस्तीने टक्कल करायला बंदी. आत शिरल्यावर नोंदणीचा कागद मागायचा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारायचं, फोनवर बोलू देता का आणि भेटू कधी देता ते विचारायचं. "पहिले तीन महिने भेट नाही" म्हणाले तर आल्या पावली परत फिरायचं. मार खाऊन सुटका होत असती तर पोलीस कोठडीतून निघालेला प्रत्येक गर्दुल्ला बरा झाला असता.

*

पोलिसांचं भय. एनडीपीएस कायदा 1985 चा. सेवन हाही गुन्हा, हेरॉइनसाठी वर्षापर्यंत कैद. पण त्याच कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण 5 ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला ही सवलत नाही. हे कलम वकिलांना माहीत असतं, आईबापांना नसतं, म्हणून इथे लिहिलं.

ऑक्टोबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक भागात महसूल गुप्तचरांनी अडीचशे कोटींवर किमतीचे अमली पदार्थ पकडले. पेपरांत आठवडाभर तेच. इथे उपचाराची एक खाट वाढली असती तर तिला दोन ओळीही मिळाल्या नसत्या.

*

मग जालनेकराने जायचं कुठे? सुरुवात सिव्हिलपासून, म्हणजे जिल्हा रुग्णालयापासून. केस पेपर काढायचा आणि मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी विचारायची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो. सुई टोचत असेल तर त्याच आवारात एचआयव्हीची मोफत तपासणी होते. हेपटायटिस सी निघाला तर तोही आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 पासून सरकारी कार्यक्रमात त्याची औषधं मोफत आहेत. त्रास जास्त असेल, सोबत बटन किंवा दारू असेल, तर साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. त्यापुढे पुणे.

फोन: 14416 हे टेलिमानस, 2022 पासून, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. नाव न सांगता बोलता येतं, "मित्राच्या मुलाचं आहे" म्हणालात तरी चालेल.

*

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, मराठवाड्यात एकही नाही. पाचवं जालन्यासाठी मंजूर झालेलं आहे. शिवाय 2024 पासून जालन्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि कॉलेज म्हटलं की मनोविकृतिशास्त्र विभाग लागतोच. मनोरुग्णालयाची इमारत व्हायची तेव्हा होईल. तोवर या कॉलेजात व्यसनाच्या पेशंटसाठी दहा खाटा, ब्युप्रेनॉर्फिन देण्याची परवानगी आणि सोय, आणि आठवड्यातून एकदा घरच्यांसाठी बैठक, एवढं मागता येतं. पालकमंत्री, आमदार, अधिष्ठाता, ज्यांना ज्यांना निवेदनं देण्याची आपल्याला सवय आहे, त्यांना रस्त्यांच्या आणि पाण्याच्या निवेदनांसोबत हेही एक द्या. गर्दुल्ल्याचा बाप स्वतः सही करायला पुढे येणार नाही, त्याच्या वाटणीची तुम्ही करा.