झिजणारे टोक

माझे आजोबा टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रेजत्रेत त्यांनी शेकडो खेळ दाखवले, पण एकही चित्रपट सलग पाहिला नाही. त्यांची नजर असे ती यंत्रातल्या कार्बनच्या दोन कांड्यांवर!

कांड्या एकमेकींना टेकवून जराशा दूर केल्या की मधल्या फटीत विजेची कमान पेटते. पडद्यावरचा उजेड त्या कमानीचाच, असे कुणालाही वाटेल. पण बहुतेक उजेड येतो तो कमान जिथे टेकते तिथून. धन कांडीच्या टोकाला पडलेल्या खळग्यातून. तिथले तापमान सुमारे ३,५०० अंश सेल्सिअस! साहजिकच तीच कांडी अधिक झिजते, म्हणून ती जाड घेतात. ऋण कांडीला मात्र अणकुचीदार टोक येते.

कधी कमान फुसफुसू लागते, उजेड थरथरतो. त्याचे कारण हर्था एअर्टन या इंग्रज विदुषीने १८९९ मध्ये सांगितले. खळगा टोकावर मावेनासा झाला की हवेतला प्राणवायू त्याला भिडतो. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व नाकारले. का, तर त्या विवाहित होत्या! त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूजेस पदक दिले.

आजोबांना हे नाव ठाऊक नव्हते. फुसफुस कानी येताच ते चकती फिरवून फट नेमकी करीत, एवढेच.

पुढे झेनॉनचे दिवे आले. कार्बन गेले, आजोबांची नोकरीही गेली. पण त्या खळग्याच्या उजेडावर माझे बाबा शिकले, म्हणून मी आज या महाविद्यालयात आहे. पडद्यासमोर बसलेल्यांना झिजणारे टोक कधी दिसत नाही. ते पाठीमागे असते.