आंबोलीचा घाट, दिवसाउजेडी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगत, तेरेखोल नदीच्या काठी बांदा ही जुनी बाजारपेठ वसलेली आहे. आदिलशाहीच्या काळात तिला आदिलाबाद असे नाव होते. एका बाजूस नदीच्या मुखाशी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या घाटवाटा, यांमुळे येथे व्यापार रुजला. ब्रिटिश अमदानीत वेंगुर्ले बंदरापासून बेळगावच्या छावणीपर्यंत रसद पोहोचवणाऱ्या रस्त्यावर आंबोली हा मुक्कामाचा टप्पा होता. 1880च्या दशकात मुरगाव बंदराला लोहमार्ग जोडला गेला आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. घाटातली ये-जा मात्र थांबली नाही. खालून मीठ, नारळ, सुपारी वर जात राहिली आणि वरून गूळ, डाळी, मिरची खाली येत राहिली.

या घाटावर ज्यांचा संसार उभा राहिला, अशा बांद्यातील एका जैन किराणा व्यापाऱ्यांनी सुमारे चाळीस वर्षे आंबोलीचा घाट ओलांडला, पण तो कधी पाहिला नव्हता. हे ऐकणाऱ्यास नवल वाटेल, पण व्यापारी कुटुंबांत त्याचे नवल नाही. दिवसा दुकान बंद ठेवणे परवडत नसे. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवून, रात्री मालाच्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून ते निघत. पहाटे बेळगावच्या रविवार पेठेत पोहोचत, खरेदी आटोपत आणि माल भरून पुन्हा रात्री घाट उतरत. कोणत्या वळणावर गाडीचा आवाज बदलतो, कोठे धुके दाटते, कोठे अंगावर शाल घ्यावी लागते, हे सारे त्यांना ठाऊक होते. दरी केवढी खोल आहे आणि तिच्यात काय आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. सत्तरी उलटल्यावर त्यांनी दुकान मुलाच्या हाती सोपवले, तेव्हा गुडघे कुरकुरू लागले होते. घाट पाहायचा असेल तर तो आता, हे घरात सर्वांनाच उमगले होते.

मुलाने आणि सूनबाईंनी श्रावणात जाण्याचा बेत आखला. आंबोलीत वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. श्रावणात तेथील धबधबे भरात असतात, रस्त्याच्या कडेला पाण्याचे पडदे कोसळतात आणि दूरदूरचे लोक ते पाहण्यास येतात. परंतु आजोबांनी नकार दिला. चातुर्मास संपू द्या, कार्तिकी पौर्णिमेनंतर जाऊ, असे ते म्हणाले.

मुलाचा आक्षेप गैरवाजवी नव्हता. विहार थांबवण्याचा नियम साधु-साध्वींना आहे, गृहस्थाला नाही, असे तो म्हणाला. आजोबांनी ते मान्य केले. गृहस्थाची व्रते ही अणुव्रते असतात आणि त्यांना सवलती पुष्कळ असतात. मात्र श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, देशावकाशिक व्रत आहे. आपण किती दूर जावे, कोणत्या काळात जावे, याची मर्यादा स्वतः घालून घेणे हा त्यांचा गाभा आहे. पावसाळ्यात जमीन जिवांनी गजबजलेली असते म्हणून पाऊल आवरावे, हा त्यामागील विचार.

हा विचार आंबोलीत जितका प्रत्यक्ष दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल. येथील कातळसड्यांवर एक लहानसा भेक राहतो. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि आंबोलीच्या परिसराबाहेर त्याचा आढळ अद्याप सिद्ध झालेला नाही. पावसाच्या आरंभी, कातळावरील खळग्यांत साचलेल्या ओंजळभर पाण्यात त्याची मादी अंडी घालते. त्या दिवसांत सड्यावरून जाणारे एखादे चाक किंवा निष्काळजी पाऊल केवढी हानी करील, हे सांगण्यास शास्त्रग्रंथ उघडावा लागत नाही. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर बेडकांचा कसा चिखल होतो, हे तर आजोबांनी ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात वर्षानुवर्षे पाहिले होते आणि त्याबद्दल ते घरी कधी बोलले नव्हते.

“पाऊस संपल्यावर आंबोलीत उरणार काय?” मुलाने विचारले.

“उरेल तेवढे पाहू,” आजोबा म्हणाले. “मला तर आजवर तेही दिसलेले नाही.”

चातुर्मास संपता संपता सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. कार्तिकापासून गावोगावी देवळांपुढे दशावताराचे खेळ रंगतात आणि खाज्यांची दुकाने लागतात. मालवणी खाजे हा या भागाचा लाडका खाऊ. बेसनाच्या बोटाएवढ्या जाड कांड्या तेलात तळतात आणि गुळाच्या दाट पाकात घोळवतात. वरून पाक साखरेसारखा कोरडा होतो आणि आत कांडी खुसखुशीत राहते. त्या गुळाला आल्याचा किंवा सुंठेचा खमंग तिखटपणा असतो, आणि तीच खाज्याची ओळख.

जैन घरात प्रश्न निघतो तो येथे. ओले आले जमिनीखालचे कंद म्हणून अनंतकाय मानले जाते आणि वर्ज्य असते. तेच वाळून सुंठ झाले की अचित्त होते आणि चालते. त्यामुळे दोन दुकानांतील एकसारख्या दिसणाऱ्या खाज्यांपैकी एक घेता येते, दुसरे घेता येत नाही. जवळच्या एका गावच्या जत्रेत आजींनी पहिल्या दुकानदारीणबाईंना विचारले, तेव्हा त्या हातातले माप खाली ठेवून म्हणाल्या, “आला आसा ह्यात, बाय. तुमका चलाचा नाय.” पुढच्या दुकानात सुंठेचे खाजे मिळाले. पहिल्या बाईंची विक्री झाली नाही, पण व्यापारात पत म्हणतात ती हीच, असे आजोबांनी नातवंडांना सांगितले. त्या बाईंकडून मग त्यांनी कुरमुरे आणि चणे घेतले.

घरी आजींनी डब्यावर तारीख लिहिली. मिठाई आणि तळलेल्या पदार्थांना श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20 आणि हिवाळ्यात 30 दिवसांची काळमर्यादा मानतात. दिगंबर परंपरेत पिठासाठी हीच मर्यादा अनुक्रमे 3, 5 आणि 7 दिवसांची आहे. वेष्टनावर मुदत छापण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी ऋतूनुसार दमटपणा ओळखून केलेला हा हिशेब आहे. किराणा व्यापाऱ्याला त्याचे मोल अधिक कळते, कारण पावसाळ्यात बेसनाला किती लवकर जाळी धरते हे तो रोज पाहत असतो.

मार्गशीर्षातील एका सकाळी नवकारशीनंतर कुटुंब निघाले. वाफोली, विलवडे, सरमळे करत दाणोलीला पोहोचणारा रस्ता त्यांनी धरला. दोन्ही बाजूंस काजूच्या बागा, मध्येच सुपारीचा गारवा, भात कापलेली शेते आणि वाळत घातलेली गवताची उडवी. दाणोली सोडली की चढ सुरू होतो. आजोबांनी सांगून ठेवले होते की आज घाई नाही. वाहन थांबवण्याजोगी जागा आली की ते उतरत, कठड्यापाशी उभे राहत आणि पाहत. दरीत जंगल इतके दाट होते की जमीन दिसत नव्हती. मुख्य धबधब्याची धार बारीक झाली होती, पण त्यामुळेच पाण्यामागचा काळा कातळ आणि त्यावर चिकटलेली नेची नीट पाहता येत होती. गर्दी नव्हती. पाणी पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

एका वळणावर माकडांची टोळी बसली होती. लहान नातवाने डब्यातील खाजे त्यांच्यापुढे टाकण्यासाठी काढले. जीवदयेच्या घरात वाढलेल्या मुलाला असे वाटावे हे स्वाभाविक आहे. आजींनी त्याचा हात हलकेच धरला. प्रवाशांच्या खाऊची सवय लागली की माकडे रानातील फळे-पाला सोडून रस्त्यावर बसतात, गाड्यांखाली येतात, माणसांवर धावून जातात. त्यांना काही न देणे हीच येथे दया होय, हे मुलाला पटवण्यास थोडा वेळ लागला. खाजे पुन्हा डब्यात गेले.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. गावाजवळच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. गुहेतून येणारे पाणी देवळापुढील कुंडात उतरते. या कुंडात बोटभरही नसलेला एक रंगीत मासा आढळतो. 2020 साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि नदीवरूनच तिचे नाव ठेवले गेले. 2021 साली राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नव्या जातीचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधीपासून श्रद्धेच्या धाकाने या पाण्याला माणसाने फारसा त्रास दिलेला नाही. अहिंसा वेगवेगळ्या देवळांत वेगवेगळ्या नावांनी पाळली जाते, हे तेथे जाणवते.

आजोबा हळूहळू चालत कुंडापर्यंत गेले. येथे मुलाने त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली, जी त्यांना नवी होती. घाटाच्या पश्चिम उतारावर पडणारे पाणी दाणोलीकडे उतरते, तेरेखोलला मिळते आणि बांद्यावरून अरबी समुद्रास जाते. हिरण्यकेशीचे पाणी मात्र पूर्वेकडे वळते, घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. डोंगरमाथ्यावर दोन थेंबांत अंतर थोडेसेच, पण त्यांचे समुद्र वेगळे. आजोबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. आपला मालही असाच दोन्ही बाजूंना जात असे, एवढेच ते म्हणाले.

दुपारनंतर सर्वजण महादेवगडाच्या कड्यावर पोहोचले. रात्रिभोजनत्यागाचे पालन काटेकोरपणे करणारे सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, आधी अन्न-पाणी आटोपतात. त्यामुळे पाचच्या सुमारास दशम्या, मेथांब्याचा डबा, उकळून गाळलेले पाणी आणि शेवटी खाजे असे व्याळू झाले. इतर पर्यटक त्या वेळी अजून वाटेत होते, गाड्या पळवत सूर्यास्त गाठण्याच्या खटपटीत होते. या कुटुंबाला सूर्यास्तापूर्वी थांबणे भागच असल्याने संपूर्ण संध्याकाळ त्यांच्या हाती मोकळी आली. जेवण झाले होते, भांडी विसळून ठेवली होती, आणि पाहण्यावाचून दुसरे काही काम उरले नव्हते.

खाजे तोंडात टाकताना आजोबांनी गुळाचा रंग निरखला आणि हा कोल्हापूरकडचा गूळ, असे सांगितले. कोकणात ना हरभऱ्याचे मोठे पीक, ना उसाचे. ज्याला आपण कोकणचा खाऊ म्हणतो त्याचे बेसन आणि गूळ दोन्ही याच घाटाने खाली येतात. ती पोती त्यांनी स्वतः चाळीस वर्षे उतरवून घेतली होती.

नातीने विचारले, “आजोबा, सूर्य बुडाल्यावर मी एक खाजे खाल्ले तर चालेल का?”

“तुला भूक लागली तर खा, बाळ,” ते म्हणाले. “व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. मी घेतलेले तुला कसे पुरेल?”

तिने डबा जवळच ठेवला. नंतर तिने तो उघडला की नाही, याकडे कोणी मुद्दाम लक्ष दिले नाही. आजोबांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. खाली कोकणची भूमी डोंगररांगा, नदीचे वळण आणि विरळ वस्त्या घेऊन पसरली होती. ट्रकमधून त्यांनी पाहिले होते ते फक्त अंधारात दूर लुकलुकणारे दिवे. दिव्यांच्या मधली जागा त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिली.

दुसऱ्या दिवशी चंदगडमार्गे ते बेळगावला गेले. रविवार पेठेत ज्यांचे शेकडो फेरे झाले, त्या आजोबांनी त्याच शहराच्या किल्ल्यातील कमल बस्ती पाहिली नव्हती. बाजार आटोपला की ट्रक निघायचा. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने 1204 साली ही बस्ती उभारली. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथांची मूर्ती आहे. मंडपाच्या छतात दगडी कमळ कोरलेले असून त्याच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतील 72 तीर्थंकर आहेत. मान वर करून पाहवेना, म्हणून आजोबा भिंतीला टेकून खाली बसले आणि बसून पाहत राहिले. सूनबाईंनी पुढे जाण्याची आठवण केली नाही. शेवटी तेच उठले.

या सहलीने घरातला वाद मिटला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. भर पावसातली आंबोली पाहण्यासारखी असते, हे मुलाचे मत कायम आहे आणि तेही खोटे नाही. पण परतल्यावर त्याने एक निर्णय घेतला. वर्षातून दोन दिवस, कार्तिकी पौर्णिमेनंतर, दुकान बंद राहील. आजोबांनी प्रथम विरोध केला आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. मुलाने त्यांच्यापुढे त्या दोन दिवसांची वही ठेवली. ज्यांना माल हवा होता त्यांनी तो तिसऱ्या दिवशी येऊन नेला होता.

आपल्या पेठांमध्ये असे अनेक वडीलधारे असतील, ज्यांनी घरासाठी घाट ओलांडले आणि पाहायचे मात्र पुढे ढकलले. त्यांच्यासाठी फार मोठी यात्रा आखावी लागत नाही. ऋतू पाहून निवडलेला दिवस, घरचा डबा, विचारून घेतलेला खाऊ आणि सूर्य मावळण्याआधी थांबण्याचा नियम एवढे पुरते. गुडघे चालत आहेत तोवर त्यांना दिवसाउजेडी घेऊन जावे.