बोटे आणि बहादूर: काही टिपणे

स्पायडरमॅन पहिल्यांदा दिसला ऑगस्ट 1962च्या ‘अमेझिंग फँटसी’त, पंधराव्या अंकात. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे प्रसिद्ध वाक्य सगळे त्याच्या बेनकाकांच्या तोंडी घालतात. मूळ कॉमिकमध्ये ते निवेदकाचे आहे, शेवटच्या चौकटीतले. काका तोवर गेलेले असतात.

*

काका गेले कशाने? पीटरने, म्हणजे स्पायडरमॅननेच, समोरून पळणारा चोर अडवला नाही. आपले काम नाही, म्हणाला. पुढे त्याच चोराने काकांना मारले. पीटरच्या हातून काही घडले नाही, हाच त्याचा गुन्हा. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

*

पॉवर प्रेसला दोन बटणे असली की दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही. हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. टार्गेटसाठी एक बटण अडकवून ठेवले, हात आत दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर बायपास केला, की माल भराभर निघतो. एखाद्या दिवशी बोटेही जातात. शेजारच्या मशीनवरच्याला हे आधीपासून दिसत असते.

*

कॉमिकमधला खलनायक लांबून ओळखू येतो. ग्रीन गॉब्लिन हिरवा, डॉक्टर ऑक्टोपसला चार जादा हात. प्रेस शॉपमध्ये बोटे गेली की कंपनी पुरवठादाराकडे बोट दाखवते, पुरवठादार ठेकेदाराकडे, ठेकेदार कामगाराकडे.

*

1948च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण सक्तीचे केले. कलम 111ने कामगारालाही सुरक्षा साधनांशी छेडछाड करायला मनाई केली. जबाबदारी मालक आणि कामगार, दोघांवर. टार्गेट मात्र कामगार ठरवत नाही.

*

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम, मराठी मुलांचा लाडका. मला बहादूर जवळचा. 1976 साली आबिद सुरतींनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. डाकूचा मुलगा, बापाला मारणाऱ्या पोलिसाचा सूड घ्यायला निघालेला. बापाची कृत्ये कळल्यावर तो डाकूंच्याच विरोधात उभा राहतो. दैवी शक्ती नाही, म्हणून माणसे जमवतो, नागरिक सुरक्षा दल बांधतो.

*

‘आपले काम नाही’ असे न म्हणता याच सुरतींनी 2007मध्ये ड्रॉप डेड फाउंडेशन काढले. रविवारी प्लंबरला घेऊन मीरा रोडला दारोदार जायचे, गळके नळ फुकट दुरुस्त करायचे.

*

बायपास केलेला सेन्सर दिसला, तर बहादूरसारखी माणसे जमवा, चौघांनी मिळून सुपरवायझरकडे जा. एकटा कंत्राटी कामगार बोलला, तर उद्या गेटवरूनच परत जातो. चौघांना परत पाठवले, तर लाइन थांबते.