लॅपटॉपचं बिऱ्हाड

ऑपरेटिंग सिस्टम बदलणं हे घर बदलण्यासारखंच काम आहे. नव्या घरात पाणी किती वाजता येतं, रेंज कुठल्या खिडकीत मिळते, हे प्रश्न नंतरचे. आधी जुन्या घराचा माळा उतरवावा लागतो, आणि तिथून काय काय निघतं ते बघून आपणच चाट पडतो. मी माझा स्वतःचा लॅपटॉप विंडोजवरून लिनक्सवर नेला. 'विंडोज चांगलं की लिनक्स' हा वाद ज्यांना घालायचाय त्यांच्यासाठी अख्खं इंटरनेट मोकळं आहे. मला सांगायचंय ते माळ्यावरच्या सामानाबद्दल.

निमित्त साधंच होतं. लॅपटॉप २०१७चा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना घेतलेला. आत सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. या अटींमागे सुरक्षेची कारणं आहेत, आणि आणखी वर्षभर सुरक्षा-अपडेट घेण्याची सोयही ठेवलेली होती. पण वर्षभराने प्रश्न तिथेच उभा राहणार. मशीन मात्र धडधाकट. रॅम वाढवलेली, एसएसडी नवी, कीबोर्डची सगळी बटणं शाबूत. आमच्या घरी मिक्सरच्या भांड्याची पाती बदलून तेच भांडं वर्षानुवर्षं वापरतात. चालती वस्तू यादीत बसत नाही म्हणून बाजूला टाकायची, हे तिथे कुणाला समजावून सांगणार?

दुसरं कारण कामाचं होतं. आपण लिहिलेला कोड शेवटी बहुतेक वेळा लिनक्सवरच चालतो. १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पीसीसाठी जो कर्नल लिहायला घेतला, तो आज सर्व्हरवर आहे, आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतल्या प्रत्येक मशीनवर आहे. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तुमच्या हातातही तोच आहे. मग आपण मात्र वेगळ्या घरात राहून त्याच्यासाठी स्वयंपाक करायचा आणि डबा पाठवायचा, असा हा प्रकार.

डबा पाठवताना सांडासांड होतेच. फाइलच्या नावातलं अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल याची विंडोज सहसा पर्वा करत नाही, लिनक्स करतं. त्यामुळे लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने चालणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर जाऊन 'फाइल सापडत नाही' म्हणून आडवा पडतो. ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. ही चिन्हं टेलिप्रिंटरच्या काळातली: एक म्हणजे 'पुन्हा डावीकडे जा', दुसरं म्हणजे 'कागद एक ओळ सरकव'. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झालं, पण त्या दोन चिन्हांवरून आजही स्क्रिप्ट अडतात. अर्थात, २०१६पासून विंडोजच्या पोटातही लिनक्स चालवता येतं आणि मी ते बरेच दिवस वापरलंही. तेवढ्यावर भागत होतं. सातव्या पिढीच्या प्रोसेसरने पुढचा निर्णय घेऊन टाकला.

मी लिनक्स मिंट निवडलं. मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू १९९३पासून चालत आलेल्या डेबियनवर. थोडक्यात, एकत्र कुटुंबातलं धाकटं आणि जरा समजूतदार पोर. पेन ड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसलं. फक्त वायफाय दिसेना. मग फोन केबलने जोडला, फोनचंच इंटरनेट लॅपटॉपला दिलं, आणि सिस्टमने स्वतःविषयी काय लिहून ठेवलंय ते वाचायला बसले. चालू झाल्या क्षणापासून काय घडलं, कुणी कुणाला हाक मारली, कुणी ओ दिली नाही, हे सगळं लिनक्स एका नोंदवहीत लिहून ठेवतं. त्या नोंदवहीला 'जर्नल' म्हणतात. इंजिनिअरिंगला जाऊन आलेल्या प्रत्येकाला इथे हसू येईल. कॉलेजात जर्नल छापायचं असतं, सही घ्यायची असते, आणि वाचायचं कुणीच नसतं, एक्सटर्नलनेसुद्धा नाही. इथे ते वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं. वायफाय चिपसाठी लागणारी एक फाइल वेगळी घालावी लागते, हे जर्नलने चौथ्या-पाचव्या ओळीतच सांगितलं होतं.

ऑपरेटिंग सिस्टम हा विषय आम्हाला होता. डेडलॉकच्या चार अटी झोपेतून उठवलं तरी सांगता यायच्या. पण ज्या सिस्टमवर ते पीपीटी वाचत होतो ती आत काय करते, हे विचारावं असं कधी वाटलं नव्हतं. ती चालत होती, बस.

आता माळा.

जुन्या डिस्कवरचं सामान तीन ढिगांत लावलं. पहिल्या ढिगात जसंच्या तसं नव्या घरात येणारं: कोड, गिटचा सगळा इतिहास, फोटो, पीडीएफ, साध्या टेक्स्टमधल्या नोंदी. मराठी टायपिंगसुद्धा याच ढिगात. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. तो सरकारी प्रमाण आराखडा आहे, त्यामुळे कुठल्याही सिस्टमवर बोटं त्याच जागी पडतात. दुसऱ्या ढिगात पर्याय शोधावा लागेल असं काहीबाही. तिसऱ्या ढिगात फक्त एक फोल्डर होता, त्याचं नाव 'अण्णा'.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या: लहानपणी वसतिगृहात राहून शिकलेली वर्षं, पहिली नोकरी, बदल्यांची गावं. मामाने २००४ साली तालुक्याच्या गावी एका डीटीपी सेंटरमध्ये ते टाइप करून घेतलं, आठ-दहा प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या आणि फाइल सीडीवर आणली. सीडीवरून ती माझ्या लॅपटॉपवर आली आणि बारशाच्या घुगऱ्यांसारखी कुठल्याशा कोपऱ्यात पडून राहिली. हस्तलिखित वही एका पावसाळ्यात भिजून गेली. अण्णाही आता नाहीत. म्हणजे त्या आठवणींचा पूर्ण ऐवज या एका फाइलमध्ये.

नव्या सिस्टमवर फाइल उघडली. पानं बेचाळीस, परिच्छेद जागच्या जागी, शीर्षकं ठळक. आणि मजकूर म्हणजे रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस आणि टिंबं यांची नुसती रांगोळी.

हे लिनक्समुळे झालं नव्हतं. फाइल पहिल्यापासून तशीच होती. त्या काळच्या बहुतेक डीटीपी फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसायचं. साठवलेली असायची इंग्रजी चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की रांगोळी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच, लिनक्सच्याच वयाची, आणि तिच्यात देवनागरी होती. पण तालुक्याच्या छापखान्यापर्यंत ती पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. माझ्या जुन्या विंडोजवर तो फॉन्ट कधीतरी कुणीतरी टाकलेला होता, म्हणून इतकी वर्षं सगळं ठीक दिसत होतं. मराठी अण्णांची होती. ती दिसण्याची परवानगी मात्र एका फॉन्टच्या हातात होती.

फॉन्ट उचलून इकडे आणला असता तर त्या दिवसापुरतं काम झालं असतं. पण रांगोळी रांगोळीच राहिली असती. पुढच्या लॅपटॉपवर, पुढच्या माणसासमोर, पुन्हा तीच. म्हणून मजकूरच युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं.

इथे लिनक्सची जुनी सवय उपयोगी पडली. १९७३मध्ये युनिक्समध्ये डग मॅकिलरॉयच्या आग्रहावरून 'पाइप' आला: एका छोट्या प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडात. सगळा मजकूर एका ओळीत एक चिन्ह असा फोडायचा, लावून घ्यायचा, सारखी चिन्हं मोजायची, जास्तीकडून कमीकडे उतरवायची. चार छोटे प्रोग्रॅम, एक ओळ. फाइलमध्ये कोणती चिन्हं किती वेळा आली याची यादी समोर. सगळ्यात जास्त वेळा येणारं चिन्ह काना असणार, हा पहिला तर्क, आणि तो बरोबर निघाला. मामाकडे छापील प्रत होती, शेवटची सात पानं गळालेली. त्याने उरलेल्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. छापलेलं अक्षर आणि फाइलमधलं चिन्ह शेजारी ठेवून रोज रात्री तक्ता भरत गेले.

तक्ता भरूनही भागत नाही. 'किती' या शब्दात जुना फॉन्ट आधी पहिली वेलांटी साठवतो आणि मग क, कारण कागदावर डावीकडून तसंच दिसतं. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जातं: आधी क, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलट. 'सूर्य' लिहिताना आपण रफार शेवटी काढतो, पण बोलताना र् आधी येतो. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी एक घर पुढे आणि प्रत्येक रफार एक घर मागे. जोडाक्षर असेल तर घरं मोजूनच.

आणि मग आचारी आला. अण्णांच्या वसतिगृहात एक आचारी होता. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत मराठीत केवढा फरक! पहिल्याने भाकरी थापायची, दुसऱ्याने शिकवायचं. जुन्या फॉन्टमध्ये त्या तिरक्या अर्ध्या र ला वेगळं चिन्ह होतं, युनिकोडमध्येही त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात. तक्त्यात दोन्हींच्या स्वतंत्र ओळी झाल्या तेव्हा कुठे भाकरी आचाऱ्याच्या हाती राहिली.

मजकूर वाचता येऊ लागला तरी डोळ्याला काहीतरी खुपत होतं. ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली मराठी वळणं. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही त्यांचा उल्लेख आहे. स्क्रीनवर मात्र हिंदी वळणाचे ल आणि श येत होते. शोधत गेले तर कळलं, की चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं कुणीतरी सांगावं लागतं, मग अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम मराठी वळण उचलतो. त्या प्रोग्रॅमचं नाव हार्फबझ, फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. तो तुमच्या अँड्रॉइडमध्येही आहे, फायरफॉक्स आणि क्रोममध्येही. मी मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि मराठीसाठी लोहित मराठी हा मुक्त फॉन्ट पुढे केला. ल ला पाकळ्या फुटल्या.

खरं सांगायचं तर यातलं जवळजवळ सगळं विंडोजवरही करता आलं असतं. प्रश्न तो नव्हताच. तिथे सगळं ठीक दिसत होतं, म्हणून फाइल आतून कशी आहे हे बघायची वेळच आली नव्हती. बिऱ्हाड हलवलं म्हणून पेटी उघडली. माझ्या इतक्या वर्षांच्या सामानातलं माझं किती आणि कुणाच्या तरी परवानगीवर टिकलेलं किती, याचा हिशेब तेव्हा पहिल्यांदा झाला.

नवं घर आदर्श वगैरे नाही. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की कधीकधी जागा व्हायला वेळ लावतो. डिजिटल सहीचं एक काम अजून भावाच्या मशीनवर जाऊन करावं लागतं. घरात कुणाचं पोट जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर त्याला मी लिनक्सवर जा म्हणणार नाही. पण त्याच्या फाइली एकदा उघडून बघ, असं नक्की म्हणेन.

बेचाळीस पानं आता साध्या युनिकोड मजकुरात आहेत. ती मामाला फोनवर पाठवली, मामाने दोन दिवसांत वाचून काढली आणि फोन केला.

"अगं, एकतिसाव्या पानावर 'पाटी' झालंय बघ. अण्णांनी 'पाठी' लिहिलेलं. डीटीपीवाल्याची चूक आहे ती. छापलं तेव्हाच अण्णा चिडले होते, पण तेव्हा कोण बदलणार?"

मी फाइल उघडली आणि बदललं.