ऑपरेशननंतरचे नऊ महिने

एमआरआयच्या अहवालात ‘एसीएल पूर्ण तुटला आहे’ असं आलं की घरात एकच चर्चा सुरू होते : ऑपरेशन करायचं की नाही. मामा एक सांगतो, तालमीतले वस्ताद दुसरं सांगतात, मेडिकलवाला तिसरं, आणि गावातला हाडवैद्य तेल चोळून आठ दिवसांत बरं करण्याचं वचन देतो. प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो पहिला नव्हे असं मला फार ठामपणे वाटतं. आधी विचारायला हवं ते हे की पुढचे नऊ महिने हा माणूस कसे काढणार आहे. त्याला परतायचंय ते कोणत्या कामावर, त्या काळात घर कोण चालवणार, रोजचा व्यायाम कोण करून घेणार आणि तो नीट होतोय की नाही हे कोण बघणार. याची उत्तरं मिळाली की ऑपरेशनचा निर्णय बराचसा सोपा होतो. ती न शोधता ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसासाठी निष्णात सर्जनसुद्धा निम्मंच काम करू शकतो.

एसीएल हा गुडघ्याच्या ऐन मध्यात, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरका गेलेला बळकट पट्टा. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि गुडघा पिळवटू द्यायचा नाही, ही त्याची दोन मुख्य कामं. सपाट रस्त्यावर सरळ चालायला त्याची फारशी गरज पडत नाही. म्हणून तर सूज उतरली की दोन-तीन आठवड्यांत माणूस चालू लागतो आणि ‘लचकलं होतं, बसलं’ असं म्हणून मोकळा होतो. पट्टा नसल्याचं कळतं ते वळताना, उडीवरून उतरताना, पळता पळता थबकताना. बहुतेक वेळा तो तुटतोही अशाच क्षणी, गुडघ्याला थेट धक्का न लागता. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे वळलेला असतो आणि मागून घोटापकड होते; तळवा जागेवर राहतो, अंग पुढे जातं आणि मधला गुडघा सगळा पीळ सोसतो. कुस्तीत पट काढताना, तो उलटवताना हेच घडतं. शेतातही घडतं. ओल्या सरीत पाय रुतलेला आणि खांद्यावर ओझं घेऊन माणूस बांधाकडे वळलेला, एवढं पुरतं. अहिल्यानगर जिल्ह्यात मातीचे आणि मॅटचे आखाडे आहेत, भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी मुलं आहेत, दुचाकीवरून घसरणारे तर रोजचे आहेत. हा गुडघा इथे दुर्मीळ नाही.

मग पुरावा काय सांगतो? स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांचं लगेच ऑपरेशन केलं आणि नंतर व्यायाम दिला. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांनीही नव्हता, आणि तोवर दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना ऑपरेशनची गरजच पडली नव्हती. नेदरलँड्समधल्या १६७ रुग्णांच्या अभ्यासात, २०२१ साली, लवकर ऑपरेशन केलेल्यांचे गुण थोडे वरचढ निघाले. पण ती वाढ रोजच्या जगण्यात जाणवावी इतकी आहे का, याबद्दल संशोधकांनीच शंका ठेवली. तिथेही व्यायामाने सुरुवात केलेले निम्मे लोक दोन वर्षं ऑपरेशनशिवाय राहिले. २०२२ साली ब्रिटनमधून मात्र वेगळा निष्कर्ष आला. तिथल्या ३१६ रुग्णांची दुखापत जुनी होती आणि गुडघा वारंवार सटकत होता. अशांमध्ये ऑपरेशनचा गट स्पष्टपणे पुढे राहिला. हे तीन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. ताज्या दुखापतीत, ज्याला तातडीने खेळाच्या वरच्या पातळीवर परतायचं नाही त्याला, काही महिने व्यायाम करून बघण्याइतकी सवड असते. आणि व्यायाम करूनही, किंवा वर्ष उलटूनही, गुडघा दगा देत असेल तर थांबण्यात शहाणपण नसतं.

या तिन्ही अभ्यासांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निष्कर्षात नाही, मांडणीत आहे. ऑपरेशन झालेल्यांनाही आणि न झालेल्यांनाही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने व्यायाम होता. तुलना झाली ती ‘ऑपरेशन अधिक व्यायाम’ आणि ‘व्यायाम’ यांच्यात. आपल्याकडे सर्रास दिसणारे दोन मार्ग, म्हणजे ऑपरेशन करून घरी पडून राहणं आणि ऑपरेशन न करता तेल चोळत बसणं, त्या तुलनेत कुठेच नव्हते. म्हणून परदेशी अभ्यासाचा हवाला देऊन ‘ऑपरेशनशिवायही बरं होतं’ म्हणणारा आणि ‘ऑपरेशनने शंभर टक्के बरं होतं’ म्हणणारा, दोघेही अर्धा पुरावा गाळून बोलत असतात.

ऑपरेशनमध्ये तुटलेला पट्टा शिवला जात नाही, बहुतेक वेळा नवा बसवला जातो. दुर्बिणीतून, रुग्णाच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन ती हाडात बोगदे पाडून ताणून धरतात. ही कंडरा लगेच पट्टा होत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी तो हळूहळू उभा राहतो, आणि मधल्या काळात ती बसवली तेव्हापेक्षाही कमकुवत होते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत नाजूक असते. नेमकं याच सुमारास दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, टाके विसरायला झालेले असतात. बरं वाटण्याचं वेळापत्रक आणि बरं होण्याचं वेळापत्रक इथे एकमेकांपासून फारकत घेतात. तिसऱ्या महिन्यात दुचाकीला किक मारणारा किंवा पाणी धरायला सरी-वरंब्यातून फिरणारा माणूस निष्काळजी असतोच असं नाही. त्याला कुणी हे सांगितलेलं नसतं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा, १०६ रुग्णांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१६ साली आला. त्यात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत गेली. परतण्याआधी मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असाव्यात, अशी त्यांची परीक्षा होती. ती पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा इजा झाली. पार केलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होतं. एवढा मोठा फरक कोणत्याही स्क्रूने किंवा महागड्या इम्प्लांटने पडल्याचं माझ्या वाचनात नाही.

यावर खेळाडूंची उदाहरणं दिली जातात. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन आठवड्याभरात. विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन १७ ऑगस्ट २०२३ ला मुंबईतच झालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिने पॅरिसला तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत न हरलेल्या युई सुसाकीला हरवलं. त्यांनी वाट पाहिली नाही, मग आमच्या मुलाने का पाहावी? वरच्या पातळीवर वळणावळणाचा खेळ खेळणाऱ्याला ऑपरेशन बहुधा लागतंच, आणि स्वीडनच्या अभ्यासातून व्यावसायिक खेळाडू मुळातच वगळले होते, हे मान्य. पण या उदाहरणांतला पुढचा भाग कुणी सांगत नाही. पंत स्पर्धात्मक सामन्यात उतरला तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा महिन्यांनी, आणि ते पंधरा महिने बरं होणं हीच त्याची नोकरी होती. आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार घ्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवलं. आणि २०२५ मध्ये तो संघाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. त्याच्यामागे संघाचा फिजिओ होता, व्यायामशाळा होती, आहार ठरवणारं माणूस होतं, उरलेला हंगाम बाकावर बसण्याची मुभा होती. तालुका पातळीवरचा चढाईपटू अशा खेळाडूंच्या ऑपरेशनची नक्कल करू शकतो. त्या मुभेची नक्कल त्याला करता येत नाही, आणि परतणं बहुतांशी तिच्यावर उभं असतं.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. नऊ महिन्यांची भाषा पगारी माणसाला शोभते. हातावर पोट असलेल्याने काय करायचं? पाथर्डी-शेवगावकडची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात ती मुकादमाकडून उचल घेऊनच. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकाचा गुडघा गेला की दोघांचा हंगाम जातो आणि उचल तशीच डोक्यावर राहते. अशा माणसाला वाटतं, एकदाचं ऑपरेशन करून टाकावं आणि कामाला लागावं. मला हे म्हणणं पूर्ण समजतं, आणि म्हणूनच त्यातली चूक दाखवणं गरजेचं वाटतं. ऑपरेशनने सुट्टी कमी होत नाही, वाढते. व्यायामाच्या मार्गावर बसून करायची, सपाटीवरची हलकी कामं काही आठवड्यांत सुरू करता येतात. नवी कंडरा बसवली की तिला जपण्याचे महिने वर येतात. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं आणि वर जाऊन वळणं, हे गुडघ्याच्या दृष्टीने कबड्डीच्या चढाईपेक्षा सौम्य काम नाही. ‘खेळाडू असाल तर ऑपरेशन, नाहीतर व्यायाम’ हे ढोबळ सूत्र इथे फसतं. ऊसतोड करणाऱ्या बाईचा गुडघा खेळाडूचा मानूनच निर्णय घ्यायला हवा. आणि परतण्याची परीक्षाही तिच्या कामाची हवी : एका पायावरच्या उड्यांबरोबर ओझं घेऊन उतारावर वळून दाखवणं.

आपल्या जगण्याची आणखी एक बाजू परदेशी तक्त्यांत बसत नाही. आपण जमिनीवर जगतो. खुरपणी, कांद्याची लागण, गायीची धार, चुलीपुढची भाकरी, देशी संडास, नमाज, पंगत. सगळीकडे गुडघा पूर्ण दुमडतो. ऑपरेशननंतर पहिले काही महिने मांडी घालणं आणि उकिडवं बसणं टाळायचं असतं, हे अनेकांना घरी गेल्यावर कळतं, आणि घरात कमोड सोडाच, खुर्चीही नसते. कंडरा कुठून घ्यायची हा निर्णयही याच्याशी बांधलेला आहे. वाटीखालून घेतली तर गुडघे टेकताना दुखण्याची शक्यता जास्त. मांडीच्या मागून घेतली तर गुडघा पूर्ण दुमडतानाची ताकद थोडी घटते. ‘दिवसभर काय करता?’ एवढं सर्जनने विचारावं आणि न विचारल्यास रुग्णाने सांगावं. हे संकोचाचं कारण नाही.

थांबण्याने गुडघ्याच्या हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटते, हाही आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. सारखा सटकणारा गुडघा दर वेळी आतली गादी चिरडत असतो. म्हणून व्यायामाचा मार्ग म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. त्या काळात खेळ आणि वळणाची जड कामं बंद, आणि गुडघा सटकतोय का याची नोंद चालू. गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल तर वाट पाहायची नाही. पुढे गुडघा झिजेल या भीतीने ऑपरेशन करून घेणाऱ्यांना मात्र एवढंच सांगावंसं वाटतं की ऑपरेशनने ती झीज टळते असं सिद्ध झालेलं नाही.

आता पैशाचं. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. १५ दिवसांत गुडघ्याची सूजसुद्धा पुरती उतरत नाही. शासकीय योजना काय आणि खासगी विमा काय, सगळी रचना ऑपरेशनभोवती आहे. ज्या महिन्यांत निकाल ठरतो ते महिने रुग्णाच्या खिशावर आणि एसटीच्या वेळापत्रकावर सोडलेले. फिजिओथेरपीची महाविद्यालयं लोणीला आहेत, नगरजवळ विळद घाटात आहेत. पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या, चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात जामखेडच्या माणसाने आठवड्यातून तीनदा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जायचं, तेही न वाकणारा गुडघा घेऊन? तो दोनदा जातो, मग जात नाही. त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे.

आणि जामखेडचं नाव निघालंच आहे तर तिथलाच पुरावा पुढे ठेवतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना शिकवून बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग यांची कामं त्यांच्या हाती दिली. डॉक्टरांशिवाय हे कसं जमेल, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर त्याचं उत्तर जगाला मिळालं होतं. गुडघ्याच्या बाबतीतही योजना फिजिओथेरपिस्टनेच आखायची, महिन्याकाठी त्यानेच तपासायचं. पण गुडघा पूर्ण सरळ होतो का, टाच ढुंगणापासून किती बोटं लांब राहते, वाळूची पिशवी बांधून पाय किती वेळा उचलला, मांडीचा घेर दुसऱ्या पायापेक्षा किती कमी आहे, हे फूटपट्टी आणि मोजपट्टी घेऊन गावातली आशा कार्यकर्ती दर आठवड्याला बघू शकते. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यातून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं, हेही तिला शिकवता येतं. अर्थात या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळायला हवा. आधीच वाकलेल्या तिच्या खांद्यावर ते फुकट टाकता येणार नाही. एका ऑपरेशनच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असेल, आणि ती ऑपरेशनच्याच पॅकेजमध्ये धरली तर ती मागायला रुग्णाला कुठे जावंही लागणार नाही.