दोन साक्षीदार, एक माप

व्यवहार लिहून ठेवा आणि त्याला साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीच्या लेखी नोंदीविषयीच आहे. भोसरी-चाकणच्या लहान गाळ्यांत मात्र आता वही क्वचित दिसते. कामगारांची हजेरी, उचल, चलनं, बिलं आणि मोठ्या कंपन्यांनी विश्वासाने दिलेली ड्रॉइंग, सगळं एका संगणकात असतं. ड्रॉइंग आपली नसतात, पगाराचा हिशेबही एकट्या मालकाचा नसतो. ती अमानत आहे.

आम्ही दोघे भाऊ भोसरीत सीएनसीवर जॉबवर्क करतो. बहुतेक माल चाकणला जातो. ही अमानत सांभाळण्यासाठी आमच्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात कामाच्या डेटाला दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. याला मिररिंग किंवा रेड-1 म्हणतात. वेगळं कार्ड लागत नाही. एमडीॲडम हा मोफत प्रोग्रॅम ते काम करतो.

पावसाळ्यात एक डिस्क गेली. काम थांबलं नाही, पण साक्षीदार एकच उरला. नवी डिस्क आणली, तर ती जोडीत जाईना. पार्टिशन पुरेसं मोठं नाही, असा संदेश येई. कारण साधं होतं. बाजारात 'अर्धा टीबी' या एकाच नावाने 480, 500 आणि 512 जीबीच्या डिस्क विकल्या जातात. जुन्या दोन्ही 512 च्या होत्या, नवी 500 ची. सुमारे 12 जीबी कमी पडत होते.

मिररिंगमध्ये लहान डिस्कचं माप चालतं. दुसरी मोठी असली तर तिची जादा जागा नुसती पडून राहते. म्हणून 1 टीबीची डिस्क घेतली असती तरी भागलं असतं. पण आमचा डेटा 150 जीबीच्या आत होता आणि उरलेली जुनी डिस्कही आज ना उद्या बदलावी लागणारच होती. म्हणून जोडीचंच माप कमी करायचं ठरवलं.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. घराची भिंत आत घ्यायची तर आधी सामान आत सरकवावं लागतं. इथे फाइल सिस्टम म्हणजे सामान आणि डिस्कची जोडी म्हणजे भिंत. जोडी आधी आखडली तर फाइल सिस्टमचं टोक कापलं जातं आणि डेटा हातचा जातो.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, मशीन बंद असतात. तोच दिवस धरला. आमची भाची संगणकाच्या डिप्लोमाला आहे. ती कीबोर्डवर बसली, आम्ही प्रत्येक आकडा कागदावर लिहीत गेलो. आज्ञा देण्याआधी दर वेळी ती म्हणे, "मामू, आकडा पुन्हा वाचा."

आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला आणि काही फाइली उघडून पाहिल्या. मग फाइल सिस्टम वापरातून काढून तपासली आणि मुद्दाम जास्तच आखडून 440 जीबी केली. आमची ईएक्सटी-4 होती म्हणून हे जमलं. एक्सएफएस असती तर ही वाट बंद होती. त्यानंतर जोडी 460 वर आणली. फाइल सिस्टम पुन्हा तपासली, ती शाबूत होती. मग नव्या डिस्कवर शेवटी थोडी जागा मोकळी सोडून पार्टिशन केलं आणि ते जोडीत घेतलं. नक्कल व्हायला पाऊण तास लागला. पडद्यावर एक 'यू' आणि एक रिकामी रेघ होती, तिथे दोन 'यू' आले. अल्हम्दुलिल्लाह! शेवटी उलट क्रमाने, आधी जोडी आणि मग फाइल सिस्टम, मिळेल तेवढी वाढवली.

तो पाऊण तास सर्वांत नाजूक होता. जुनी डिस्क तेवढ्यात गेली असती तर बाहेरची प्रतच कामी आली असती. मिररिंग ही बॅकअपची जागा घेत नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते, व्हायरसही दोन्हीकडे पोहोचतो. म्हणून आमची तिसरी प्रत दर गुरुवारी घरी जाते आणि कपाटात राहते.

मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब, शाळेचे दाखले, बचत गटाच्या नोंदी आज अशाच एखाद्या संगणकात आहेत. तो सांभाळणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. डिस्क घेताना खोक्यावरचं नाव न पाहता नेमका आकडा पाहावा. पहिल्याच दिवशी पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत न नेता काही जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढची डिस्क किंचित लहान निघाली तरी अडत नाही. आणि दोन्ही डिस्क चालू आहेत ना, हे आठवड्यातून एकदा बघावं. दोनपैकी एक बंद पडली तरी संगणक बाहेरून अगदी पहिल्यासारखाच चालत राहतो.