तास सांग

आईने अखेरच्या आजारात एकच प्रश्न वारंवार विचारला, "धाकटा निघाला का? किती लांब आहे रे ते?" आम्ही शोधून सांगितले : सॅन फ्रान्सिस्को ते नागपूर, सुमारे 13,100 किलोमीटर. आकडा तिला निरुपयोगी वाटला. "तास सांग," ती म्हणाली.

तास काही आम्हांला सांगता येईनात. ते अंतर पृथ्वीच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्याचे. त्या दोऱ्यावरून नागपूरला विमान येत नाही. आधी दिल्ली किंवा मुंबई गाठायची, तिथे ताटकळायचे, मग सोनेगाव. शिवाय प्रवासाचा काळ नुसत्या अंतरावर कुठे ठरतो? 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली. वाट हजारांहून अधिक किलोमीटरने वाढली आणि वेळ मात्र घटला. उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा विमानाच्या पाठीशी आला. नकाशात हे कोणाला दिसावे! 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले तेव्हा शहरे होती तिथेच राहिली, पण दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे तास वाढले.

नागपुरात राहून खरे तर आम्हांला याचे नवल वाटू नये. झीरो माईलच्या स्तंभाला देशाचा मध्य म्हणण्याची हौस आपण अजून सोडलेली नाही; पण या मध्याचा खरा उपयोग केला तो टपाल खात्याने. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत. टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंचीही अदलाबदल होई, आणि ती आपापल्या गावी परतत. आजचे जेट दीड तासात मुंबईहून येते. डकोटाला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागे.

आईचे वडील त्या थैल्यांच्या कामावर होते. पहाटे ते सायकलने घरी येत. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या आई परतणाऱ्या विमानांचे आवाज मोजी. चौथे गेले की आजी चुलीवर आधण ठेवी. किलोमीटर तिने कधी मोजलेच नव्हते.

धाकटा हवेत असतानाच ती गेली. त्याचा फोन अर्थातच बंद होता. दिल्लीला उतरल्यावर त्याने "पुढचे विमान पकडतो आहे" एवढाच निरोप पाठवला, आणि आम्हीही उलट काही कळवले नाही. सोनेगावला बाहेर उभे राहून आम्ही फलक पाहत होतो. विमानाला वीस मिनिटे उशीर होता. त्या वीस मिनिटांचे आम्हांला बरेच वाटले.